डाळीत मिसळलेली गोळी

गेल्या हिवाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी व्याख्यानमालेत व्यसनमुक्तीवर परिसंवाद होता. व्यासपीठावर दोघं होते. एक चौदा वर्षं दारूला न शिवलेले गृहस्थ आणि दुसरे जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेले मानसोपचारतज्ज्ञ. गृहस्थ म्हणाले, ‘‘गोळी घेऊन सुटलेली दारू ही सुटलेली दारू नव्हे. ती नुसती बांधून ठेवलेली असते.’’ टाळ्या पडल्या. डॉक्टर उठले. ‘‘व्यसन हा मेंदूचा आजार आहे, मधुमेहासारखा. मधुमेह्याला इन्सुलिन घेऊ नको म्हणता का तुम्ही?’’ पुन्हा टाळ्या, जरा कमी. पुढचा तासभर हेच दोन मुद्दे एकमेकांवर आपटत राहिले. एकाच्या बाजूने ‘आगीतून फुफाट्यात’ ही म्हण होती, दुसऱ्याच्या बाजूने ‘काट्याने काटा काढावा’ ही. म्हणीला म्हण लावून कुठला वाद मिटला आहे?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दारू आणि गर्द (हेरॉइन) सोडायला मदत करणारी औषधं आपल्याकडे फार कमी वापरली जातात, आणि वापरली जातात तेव्हा पुष्कळदा चोरून, चुकीच्या रीतीने. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात, बीपीच्या गोळ्यांच्या शेजारच्या फळीवर असायला हवीत. त्यासाठी व्यसन म्हणजे निव्वळ मेंदूतला बिघाड असं मानायची गरज नाही, आणि निश्चय, सोबत, मीटिंग, माळ यांना कमी लेखायचीही नाही. निश्चय जिथे तोकडा पडतो तिथे गोळी त्याला पुरवठा करते, एवढाच माझा दावा आहे. हा दावा लहान वाटेल, पण तो मान्य केला तर आपल्या बऱ्याच सवयी बदलाव्या लागतील.

मला हे शिकवलं ते मिरजेकडच्या माझ्या मामाने, म्हणजे खरं तर मामीने. मामा साखर कारखान्यात फिटर होता आणि दिवस मावळला की देशीच्या दुकानात. मामीला कुणीतरी एका गोळीचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. रोज संध्याकाळी ती पोळपाटावर गोळी ठेवून वाटीच्या बुडाने चिरडायची, कागदाच्या घडीने ती पांढरी पूड गोळा करायची आणि मामाच्या डाळीत ढवळायची. दहा-बारा दिवस काही झालं नाही, कारण मामाला ताप होता आणि तो प्यायलाच नव्हता. मग गावची जत्रा आली. दुसरा ग्लास संपायच्या आत त्याचा चेहरा तांबडालाल झाला, छाती धडधडायला लागली, उलट्या सुरू झाल्या, डोळे फिरले. सगळ्यांना वाटलं, हार्ट अटॅक. जीपमध्ये घालून तालुक्याला नेला. तिथल्या डॉक्टरने मामीला तीनदा विचारलं, काही औषध चालू आहे का? मामी मान हलवून नाही म्हणत राहिली. नवरा मेला तर खुनाचा आळ आपल्यावर येईल या भीतीने तिची वाचा बसली होती. रात्री दीड वाजता तिने सांगितलं. मामा वाचला. पण त्यानंतर दोन वर्षं त्याने घरची डाळ खाल्ली नाही. भाकरी, कांदा, मिरची, आणि तीही डब्यातून स्वतः काढून घेतलेली. आणि दारू? ती आता सूड म्हणून.

ती गोळी डायसल्फिरामची होती. रबराच्या कारखान्यात याच कुळातली रसायनं वापरतात, आणि अमेरिकेतल्या एका कारखान्याच्या डॉक्टरने १९३७ मध्येच नोंदवून ठेवलं होतं की त्या रसायनांत काम करणाऱ्यांना दारू प्यायली की त्रास होतो. पुढे कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोघे जंतांवरचं औषध म्हणून डायसल्फिराम तपासत होते. त्यांनी ते स्वतःवर घेऊन पाहिलं आणि दारूचा घोट घेतल्यावर त्यांचीही गत त्या कामगारांसारखी झाली. १९४८ मध्ये त्यांनी ते जगापुढे मांडलं. दारू शरीरात मोडताना मधल्या पायरीवर ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य तयार होतं. एरवी ते लगेच पुढे मोडून जातं, ही गोळी त्याची वाट अडवते. शेवटची गोळी घेऊन आठवडा-दोन आठवडे झाले तरी हा परिणाम उरू शकतो. म्हणजे ही गोळी दारूची ओढ जराही कमी करत नाही. ती फक्त एक कुंपण घालते, आणि त्या कुंपणाचा उपयोग ते आहे हे माहीत असलेल्यालाच. ज्याला माहीत नाही तो त्यावर आपटतो, मामासारखा. एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती रंगवलेल्या असतात. त्या पुड्यांत काय असतं देव जाणे, पण कल्पना तीच, आणि या गोळीच्या बाबतीत तरी ती औषधाच्या मुळावरच घाव घालणारी आहे.

१९८६ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ६०५ पुरुषांवर केलेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना डायसल्फिरामची पूर्ण मात्रा, काहींना नावापुरती एक मिलिग्रॅम, काहींना नुसतं जीवनसत्त्व. वर्षभर पूर्ण कोरडं राहणाऱ्यांच्या प्रमाणात गटागटांत लक्षणीय फरक निघाला नाही. मात्र कुठल्याही गटातले का असेनात, जे नेमाने गोळी घेत राहिले तेच जास्त टिकले. परिसंवादातल्या गृहस्थांच्या हाती हे पडलं असतं तर ते म्हणाले असते, बघा, गोळी बिनकामाची, निश्चयच खरा. अर्धं बरोबर आहे. ज्याचा निश्चय पक्का तोच गोळी नेमाने घेणार, हेही उघड आहे. पण मग निश्चय म्हणजे काय ते जरा जवळून पाहू. दारू सोडणाऱ्या माणसाला दिवसात किती वेळा ‘नाही’ म्हणावं लागतं? पगार झाला की, बायकोशी वाजलं की, दुकानावरून जाताना, जुना मित्र भेटला की, पाऊस पडला की. चाळीस-पन्नास वेळा सहज. सकाळी सहाला, डोकं ठिकाणावर असताना, एकदा ‘नाही’ म्हणणं त्याला जमतं. संध्याकाळी सातला पन्नासाव्यांदा जमत नाही. सकाळी घेतलेली गोळी त्या सहाच्या माणसाचा शब्द सातच्या माणसाला पाळायला लावते.

हे आपल्याला नवीन आहे का? वारकऱ्यांच्या घरात गळ्यात तुळशीची माळ घालतात ती काय करते? माळ घातली की दारू आणि मटण सुटलं. माळेत कुठलं रसायन नाही, पण ती एकदाच घेतलेला निर्णय सगळ्यांना दिसेल असा गळ्यात बांधते. ‘घे की रे एक’ म्हणणाऱ्याला परत परत उत्तर द्यावं लागत नाही; माळ दिसली की तो स्वतःच बाटली दुसरीकडे सरकवतो. शेकडो घरं अशी सावरलेली मी पाहिली आहेत. माळेने सुटलेली दारू ही सुटलेली दारू नव्हे, ती नुसती बांधून ठेवलेली आहे, असं म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नाही. मग गोळीनेच असं काय पाप केलं?

मामा पुढे कसा सावरला तेही सांगतो. कावीळ झाली, कारखान्याने ताकीद दिली, आणि तो स्वतःच्या पायांनी डॉक्टरकडे गेला. यकृत सुधारेपर्यंत त्यांनी थांबायला लावलं आणि मग दिली तीच गोळी. फरक इतकाच की आता ती चहाच्या कपाशेजारी बशीत उघडी असायची, मामी समोर बसायची, मामा गोळी जिभेवर ठेवून तिला दाखवायचा आणि चहाच्या घोटाबरोबर गिळायचा. यात बायकोचा पहारा आहे हे खरं, पण तो मामाने स्वतः मागून घेतलेला पहारा होता. मधे दोनदा घसरला. दोन्ही वेळा घसरण्याच्या तीन-चार दिवस आधी गोळी बंद झालेली असायची आणि ती बंद झाली हे मामीला आधी कळायचं. याला मी गोळीचा दुसरा, न लिहिलेला गुण म्हणतो. दारूची चाहूल लागायच्या आधी ती घरात घंटा वाजवते.

आता विरोधी बाजूचे जे मुद्दे खरोखर दमदार आहेत त्यांच्याकडे येतो. पहिला म्हणजे औषधांचा परिणाम मर्यादित आहे. डायसल्फिराम सोडून दोन मुख्य औषधं आहेत. नालट्रेक्सोन दारूतून मिळणारी मजा बोथट करतं. अकॅम्प्रोसेट सोडल्यानंतरची ती आतली तगमग शांत करतं. २०१४ मध्ये आधीच्या सगळ्या चाचण्या एकत्र करून काढलेला हिशेब असा होता की अकॅम्प्रोसेट १२ जणांना दिलं तर एक जण जास्तीचा दारूपासून दूर राहतो. नालट्रेक्सोन १२ जणांना दिलं तर एक जण जास्तीचा बेफाम पिण्याकडे परत जात नाही. चमत्कार म्हणावा असे हे आकडे नाहीत, आणि ‘एका गोळीत दारू बंद’ असा फलक लावणारा दवाखाना दिसला तर पुढच्या गल्लीत वळावं हे बरं. पण बारात एक हा आकडा हसण्यावारी नेण्याआधी नुसता उपदेश बारात किती जणांना वाचवतो ते मोजून दाखवा. आणि ज्या घरातला तो एक आहे, त्या घराला टक्केवारी शिकवायला जाऊ नका.

दुसरा मुद्दा आणखी वजनदार. दारू सोडलेल्यांच्या सभा, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, खरोखर काम करतात. पूर्वी हे श्रद्धेने सांगितलं जायचं. २०२० मध्ये वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या कडक आढाव्यातही दिसलं की पूर्ण कोरडं राहण्याच्या कसोटीवर या सभांची बारा पायऱ्यांची वाट इतर मानसोपचार पद्धतींपेक्षा पुढे आहे. हे मी बिनशर्त मान्य करतो. पण त्यातून ‘म्हणून गोळी नको’ हे कसं निघतं? १९३५ मध्ये ही चळवळ सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक बिल विल्सन. हेरॉइनच्या रुग्णांना मेथाडोन देऊन उभं करणारे न्यूयॉर्कचे डॉक्टर व्हिन्सेंट डोल १९६० च्या दशकात त्याच संघटनेच्या विश्वस्त मंडळावर होते. डोल यांनी नंतर लिहून ठेवलं आहे की विल्सन यांनी त्यांना दारुड्यांसाठीही मेथाडोनसारखं काही शोधता येईल का ते पाहा, असं सुचवलं होतं. सभांमधून पुन्हा पुन्हा निसटून जाणारी माणसं विल्सन यांना दिसत होती. जो माणूस स्वतः सभांच्या जोरावर उभा राहिला, तो निसटलेल्यांसाठी औषध शोधा म्हणतो, आणि त्याच्या नावाने आज सभेत बसणारे गोळी घेणाऱ्या नवख्याला ‘तू अजून खरा सुटलेला नाहीस’ म्हणतात.

आपल्याकडेही ही फूट बनावट आहे. पुण्यात येरवड्याला १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं ते पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून आणि डॉ. अनिता अवचट यांच्या खटपटीतून. अनिताताई स्वतः मानसोपचारतज्ज्ञ होत्या, मनोरुग्णालयात काम केलेल्या. गप्पा, गाणी, समूह आणि पत्नींना सोबत हे सगळं तिथे आहे म्हणून लोकांना ते घर वाटतं. ते घर एका डॉक्टरने उभारलं हे मात्र विसरलं जातं.

दारू सोडतानाचे पहिले दिवस हा तर वादाचाच विषय नाही, पण तिथेही माणसं मरतात म्हणून लिहितो. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांतच फिट येऊ शकते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी भास होतात, माणूस भरकटतो, आणि उपचार न मिळाल्यास जीवही जातो. त्यावर क्लोरडायझेपॉक्साइड, लोराझेपामसारखी स्वस्त औषधं आहेत; बरोबर थायमिन हे जीवनसत्त्वही द्यावंच लागतं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने दुकानं एका रात्रीत बंद झाली तेव्हा केरळ सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा आदेश काढला आणि २ एप्रिलला तिथल्या उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. डॉक्टरच चिडले होते, आणि बरोबर चिडले होते. कारण दारू उतरवायचं औषध दारू नव्हे, ते गावोगावच्या सरकारी दवाखान्यात असू शकणारं आहे. तरी आजही खोलीत कोंडून, देवळाच्या खांबाला बांधून ‘उतरवणारे’ आहेतच.

गर्दचं गणित मात्र वेगळं आहे, आणि दारू आणि गर्द यांना एकाच वाक्यात कोंबल्याने निम्मा घोळ झाला आहे. दारू एकदम सोडल्याचा झटका जीव घेऊ शकतो. गर्दची टर्की, म्हणजे तो बंद केल्यावरची तडफड, माणसाला नको नको करून सोडते, हाडं मोडल्यासारखी दुखतात, नाका-डोळ्यांतून पाणी, जुलाब, पण ती सहसा मारत नाही. मारतो तो टर्कीनंतरचा पहिला डोस. दोन-तीन महिने केंद्रात ‘स्वच्छ’ राहिलेल्याच्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. बाहेर येऊन तो जुन्या सवयीने जुन्याच मापाने घेतो आणि श्वास बंद पडतो. वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून सुटलेल्यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की पहिल्या दोन आठवड्यांत अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मरण्याचा त्यांचा धोका इतरांच्या १२९ पट होता. म्हणजे ज्या क्षणी आपण हार घालून, पेढे वाटून मुलाला घरी आणतो, तो त्याच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा क्षण असतो. ‘पूर्ण स्वच्छ, एकही गोळी नाही’ या कसोटीला इथे माणसांचे जीव द्यावे लागतात.

इथे ब्युप्रेनॉर्फिन येतं. हे स्वतःच अफूच्या कुळातलं औषध आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. जिभेखाली ठेवायची गोळी. मेंदूत जिथे गर्द जाऊन बसतो तिथे हे घट्ट बसतं, अर्धाच परिणाम करतं आणि एका हद्दीपुढे तो वाढत नाही. ‘मग एक व्यसन जाऊन दुसरं लागलं ना?’ हा प्रश्न मला दहा जणांनी विचारला आहे. मराठीत आपण चहालाही व्यसन म्हणतो आणि गर्दलाही, म्हणून हा घोटाळा होतो. एखादी गोष्ट बंद केली की शरीराला त्रास होणं वेगळं, आणि एखाद्या गोष्टीभोवती सगळा दिवस फिरणं वेगळं. गर्दुल्ल्याचा दिवस बघा. उठल्यावर अंग मोडतं, पैसे कुठून, आईच्या पर्समधून, मग माल कुठे, मग पन्नीवर जाळून ओढणं, मग दोन-तीन तास बरं, आणि दुपारी पुन्हा सगळं पहिल्यापासून. गोळीवर असलेल्याचा दिवस म्हणजे सकाळी दहा मिनिटं जिभेखाली गोळी, आणि मग तो रिक्षा काढतो. थायरॉइडची गोळी जन्मभर घेणाऱ्या आत्याला आपण व्यसनी म्हणत नाही. ती गोळीविना राहू शकत नाही हे आपल्याला ठाऊक असतं, तरी म्हणत नाही.

फ्रान्सने हे देशपातळीवर करून पाहिलं. १९९६ पासून तिथे साध्या फॅमिली डॉक्टरलाही ब्युप्रेनॉर्फिन लिहून देता येऊ लागलं. १९९५ ते १९९९ या काळात अतिमात्रेने होणारे मृत्यू सुमारे ७९ टक्क्यांनी घटले. सगळं श्रेय एका गोळीचं नसेल; सुया बदलून देण्याचे उपक्रमही त्याच काळातले. पण २०१७ मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हाही तेच दिसलं. याच जातीच्या मेथाडोनवर असलेल्या हजार जणांमध्ये वर्षाला सुमारे ११ मृत्यू, उपचार सोडलेल्या हजारांत सुमारे ३६. जगण्या-मरण्याचा इतका फरक पाडणारं दुसरं काय आहे आपल्याकडे? भाषणं?

यावर पंजाबकडे बोट दाखवलं जातं, आणि ते योग्यच आहे. तिथे २०१७ पासून सरकारी बाह्यरुग्ण केंद्रांत ब्युप्रेनॉर्फिन-नालोक्सोनची जोडगोळी देतात, आणि ही गोळी बाहेर विकली जाते, काही जण ती विरघळवून टोचून घेतात, हे लपलेलं नाही. फ्रान्समध्येही झालं. गळती रोखायला नोंद, मोजून देणं, पहिले काही आठवडे समोर बसवून घेणं, हे सगळं हवंच. पण बाजारात ही गोळी विकत कोण घेतो तेही विचारा. पुष्कळदा तो टर्कीने बेजार झालेला, केंद्रापर्यंत न पोहोचलेला, स्वतःच स्वतःचा इलाज करणारा माणूस असतो. रेशनचं धान्य काळ्या बाजारात जातं म्हणून रेशन दुकानंच बंद करा, असं आपण म्हणतो का? आणखी एक संशय असतो, औषध कंपन्यांवरचा. तो मी खोडणार नाही. अमेरिकेत वेदनाशामक म्हणून ऑक्सिकॉन्टिन खपवून एक पिढी अडकवली गेली, ते कंपन्यांनीच केलं. पण ही व्यसनमुक्तीची औषधं बहुतेक जुनी, पेटंट संपलेली, स्वस्त आहेत. कंपन्यांना त्यात फारसा रस नाही, हीच खरं तर अडचण आहे. (आणि कुणी एमडी, म्हणजे मेफेड्रोन, या नशेसाठी अशी गोळी आहे म्हणून विकत असेल तर तो फसवतो आहे. त्यावर मान्यता मिळालेलं असं औषध अजून तरी नाही.)

आता परिसंवादातल्या डॉक्टरांनी दिलेल्या मधुमेहाच्या उपमेकडे. ती मला पटत नाही, कारण ती ऐकणाऱ्याच्या अनुभवाशी जुळत नाही. मधुमेह्याने इन्सुलिनसाठी बायकोचं मंगळसूत्र विकलेलं कुणी पाहिलेलं नाही. ज्या बाईने ते सोसलं आहे, तिला ‘हा फक्त आजार आहे’ म्हटलं की तिच्या सगळ्या रागावर बोळा फिरतो, आणि ती पुढचं काहीच ऐकत नाही. मला जवळची वाटते ती कुष्ठरोगाची गोष्ट. तो रोग गेल्या जन्मीच्या पापाचं फळ मानला जायचा, रोगी गावाबाहेर. त्यांना माणूस म्हणून जवळ करण्याचं काम वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमट्यांनी केलं, अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धनांनी केलं. ते काम झालं नसतं तर औषध घ्यायला कुणी पुढे आलं नसतं. पण रोग हटला तो डॅप्सोन आणि मग १९८० च्या दशकातल्या बहुविध औषधोपचाराने. गोळ्या आल्या म्हणून बाबांची सेवा खोटी ठरली का? उलट, बरे झालेले लोक दिसायला लागले तशी पापाची गोष्ट आपोआप मागे पडली. व्यसनाच्या बाबतीत आपण अजून आनंदवनाच्या आधीच्या काळात आहोत आणि भांडतो आहोत ते सेवा खरी की गोळी खरी यावर.

सरकारचं म्हणाल तर त्याचा दारूकडे बघायचा डोळा कायम तिरका. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली आपल्या राज्यात दारू पिण्याचा परवाना मिळतो तो ‘आरोग्य राखण्यासाठी’. परमिट रूम हा शब्द तिथूनच आला. म्हणजे कागदोपत्री दारू हे औषध आणि ती सोडवणारं औषध मात्र चैन. वर्धा, गडचिरोलीत बंदी, चंद्रपुरात २०१५ मध्ये आणली आणि २०२१ मध्ये उठवली. बंदी हवी की नको यावर आपण तीस वर्षं हिरिरीने भांडलो. बंदी असो की नसो, जो आधीच अडकला आहे त्याचं काय, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी सोडून दिला. २०२५ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने मद्यावरचा कर वाढवला तेव्हा वर्षाला सुमारे १४ हजार कोटी जादा मिळतील असा अंदाज सांगितला गेला. त्यातले किती नालट्रेक्सोनवर? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एम्स’च्या देशव्यापी पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठलातरी उपचार मिळाल्याचं दिसलं होतं. कुठलातरी, म्हणजे त्यात सगळं आलं. अफूवर्गीय नशेसाठी मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख. ब्युप्रेनॉर्फिनची सरकारी सोय आपल्याकडे वाढली ती मुख्यतः एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमात, सुईने नशा करणाऱ्यांमधून एचआयव्ही पसरू नये म्हणून. पन्नीवर ओढणारा मुलगा त्या दारात उभा राहिला तर तो दुसऱ्याच खिडकीचा माणूस ठरतो. आणि औषधाच्या दुकानात ही गोळी मागा. दुकानदार आधी तुमच्याकडे आणि मग दाराकडे बघतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मनोविकार मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले, म्हणजे हक्क कागदावर आला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन २००५ पासून आहेत, २०२३ मध्ये अकॅम्प्रोसेट आणि नालट्रेक्सोनही आली.

परिसंवाद संपला. दोन्ही वक्ते आभाराचा चहा घ्यायला आतल्या खोलीत गेले. खुर्च्या उचलायला पोरं आली तरी एक बाई तिथेच रेंगाळत होती. मी माइकच्या वायरी गुंडाळत होतो म्हणून आयोजकांपैकी समजून माझ्याकडे आली. ‘‘दादा, डॉक्टर ज्या गोळीचं बोलले तिचं नाव लिहून द्या ना. आमचे मालक डाळ खातात.’’ मी म्हटलं, डाळीत नको, वहिनी. त्यांना सांगून द्या, आणि डॉक्टरने तपासल्याशिवाय नको, यकृत बघावं लागतं. ‘‘सांगितलं तर घेतील व्हय?’’ म्हटलं, सगळे घेत नाहीत, पण सकाळी, न प्यालेले असताना विचारून बघा. ती जरा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, ‘‘घेतो म्हणाले तर कुठं न्यायचं?’’

मी आत जाऊन डॉक्टरांना विचारून आलो. आमच्या तालुक्यात कुठेच नाही. जिल्ह्याला सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे, औषध असेल तर तिथून मिळतं, नसेल तर बाहेरून आणावं लागतं. त्यांच्या गावाहून पहिली एसटी सातला निघते ती साडेदहाला पोचते. ‘‘म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली,’’ ती म्हणाली, ‘‘दोघांची.’’ तरी तिने हातातल्या हँडबिलाच्या मागे ओपीडीचा वार लिहून घेतला.